दिवाळीआधीची येळवस

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. माहेरी, खटकचिंचोळीला, आई म्हणायची, "हिच्या जिभेला हाड न्हाई." लग्न होऊन कमलनगरजवळच्या गावी आले तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "नसू दे हाड. खरं बोलती, बास झालं." तिथपासून आमचं दोघींचं जमलं. आणि त्याच आत्याबाईंना मी भर रानात खोटी येळवस मांडायला लावली. कशापायी? तर फोनमधल्या एका चित्रापायी. आजही आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

आमचे हे पुण्याला एका कंपनीत कामाला. महिन्या-दीड महिन्यानं शनिवारची गाडी धरून यायचे, रविवारी संध्याकाळी परत. पोरगी पाच वर्षांची झाली तेव्हा त्यांनी विषय काढला, की पुढच्या जूनला हिचं पहिलीला नाव पुण्यातच घालू, दोघी चला. मी ती खोली बघितली होती. एक खिडकी, ती उघडली की समोरच्या घराची भिंत. गावात मला रान होतं, आत्याबाई होत्या, मामा, म्हणजे सासरे, होते, दारात बसून चार बायांशी भांडायची सोय होती. मी म्हटलं, "मला न्हाई यायचं."

हे म्हणाले, "मग हितं बसून काय करतीस?"

ते 'बसून' मला लागलं. उजाडल्यापासून मी काय बसलेली असते का? मी म्हटलं, "कमवून दाखवते. घरातूनच."

त्यांनी जरा हसून घेतलं. "बरं. येळवशीला मी येतो. तवर कायतरी उभं कर. न्हाई झालं तर जूनला गुमान चलायचं."

"व्हय," मी म्हटलं. झालं. कुणी टाळी दिली नाही का शपथ घेतली नाही, पण माझ्यालेखी ती पैजच होती. गावात राहायचं का पुण्याच्या त्या खोलीत जायचं, हे येळवशीच्या दिवशी ठरणार होतं.

काम काय, तर चित्रं लावायचं. फोनमध्ये एक चित्रांचं अॅप आहे. बाया तिथं निवांत चित्रं बघत बसतात. रांगोळ्या, ब्लाउजचे गळे, रुखवत, स्वयंपाकघरातल्या मांडण्या. आवडलेलं चित्र आपल्या फळ्यावर टाचून ठेवायचं, म्हणून त्याला 'पिन' म्हणतात. आपण चांगला फोटो टाकायचा आणि त्याच्यामागं एका दुकानाची लिंक चिकटवायची. दुकान आपलं नाही, मोठ्या ऑनलाइनवाल्याचं. आपल्या चित्रावरून कुणी तिथं गेलं, काही घेतलं, तर आपल्याला कमिशन. हे सगळं मला एका हिंदी व्हिडिओतल्या मास्तरानं शिकवलं. तो गडी रोज नवा शर्ट घालून एकच सांगायचा: ट्रॅफिक आणा. माणसं आली की बाकीचं आपोआप होतं.

आत्याबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या तूर निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे आडत्याचं काम की. माल आपला न्हाई, गिऱ्हाईक आपलं न्हाई, मधी आपण."

"व्हय, तसंच."

"आडत्याला दुकान लागतं. तुझं दुकान कुठाय?"

मी फोन दाखवला. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं आणि परत तुरीत हात घातला. "बघ बाई. पोरगी हितं ऱ्हायली म्हंजे मला समदं मिळालं."

पाच-सहा महिने मी मर मर मेले. आमच्या चुलीचा फोटो, त्यामागं खलबत्त्याची लिंक. शेजारच्या लग्नातल्या रुखवताचा फोटो, त्यामागं सजावटीच्या ताटांची लिंक. पोरगी झोपली की फोटो, भाकरी झाल्या की फोटो. आणि बघणाऱ्यांची काही कमी नव्हती हो! बघायच्या, टाचून ठेवायच्या, लाल बदाम पाठवायच्या. लिंक मात्र दाबायची नाही. सहा महिन्यांत एका बाईनं एक चहाची गाळणी घेतली. ती कोण माउली होती देव जाणे, तिचं भलं होवो. बाकीच्यांना काय झालं होतं? मी चिडून चिडून अर्धी झाले. मग एकदा माझ्याच ध्यानात आलं की मी तरी चित्र बघून कधी काय विकत घेतलंय? ब्लाउजचा गळा बघायचा, टाचून ठेवायचा आणि शिवणाऱ्या बाईला नेऊन दाखवायचा. आपल्याकडची बाई चित्र बघते ती घरी करण्यासाठी. हे कळलं तेव्हाच मी शहाणं व्हायला पाहिजे होतं. पण पैज लावलेली बाई शहाणी कशाची होते.

मास्तरानं पुढचं गुपित सांगितलं. सणाचे फोटो सणाच्या दिवशी टाकून उपयोग नाही, दीड-दोन महिने आधी टाकायचे. बाया आधीपासून शोधायला लागतात, चित्राला वर यायला वेळ लागतो. गौरीचे फोटो मी गौरी जेवल्यावर टाकले होते. ते तसेच पडून राहिले. मला वाटलं, चूक सापडली! आता पुढचा सण पकडायचा. दिवाळीवर तर सगळ्या जगाची झुंबड. पण आमच्या येळवशीचे चांगले फोटो त्या अॅपवर जवळजवळ नव्हतेच. मी शोध शोध शोधले. मैदान मोकळं होतं.

बाहेरच्या माणसाला येळवस सांगावी लागते. वेळा अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर, बीदर, कलबुर्गी ह्या आमच्या पट्ट्यात त्या दिवशी गावात कुत्रं सापडत नाही, सगळं गाव रानात. उभ्या पिकात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपटं, करायची, तिच्यावर शाल पांघरायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे. ते पांडव. तिथंच लक्ष्मीची पूजा. मग भज्जी, म्हणजे हिरवा हरभरा, वाटाणा, तूर, वाल, असतील नसतील त्या भाज्या घालून केलेली बेसनाची दाटसर भाजी. बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, मडक्यातली आंबील. आणि जो दिसेल त्याला हाक मारून जेवू घालायचं. ज्याला रान नाही त्यालाही त्या दिवशी कुणाच्या तरी रानात पान असतंच.

मी आत्याबाईंना म्हटलं, "येळवशीचे फोटो पाहिजेत."

"काढ की येळवशीला."

"आत्ता पाहिजेत. दिवाळीच्या आधी."

त्यांनी असं बघितलं की मला घाम फुटला. "येडी का खुळी गं तू? हरभरा अजून पेरायचाय, भज्जी कशाची करतीस? आन् लक्ष्मीला येळंआधी कशी बोलवायची? आपल्याला वाटलं म्हणून कवाबी हाक मारायची व्हय?"

मी चार दिवस मागं लागले. पाया पडून झालं, रुसून झालं. शेवटी जे खरं होतं ते बोलून टाकलं, की येळवशीपर्यंत माझं काही उभं राहिलं नाही तर जूनला मला पुण्याला जावं लागणार. त्या म्हणाल्या, "पोरीला घिऊन?"

"मग काय हितं ठेवून जाऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता त्या आपणहून म्हणाल्या, "कर जा. पण पूजा करायची न्हाई, निवद दावायचा न्हाई. आन् दगडं चारच ठेव. पाच ठेवले की पांडव व्हतेत. चार ठेवले तर दगडंच." मामा तर म्हणाले, "मला हाकसुद्धा मारू नका," आणि ओसरीवर पाठ फिरवून बसले.

रस्त्याकडेच्या आमच्या तुरीत आम्ही ते मांडलं. सोयाबीन निघालं होतं, त्या वावरात नुसती खोडं, पण तूर हिरवीगार होती. जनावरांसाठी राखलेल्या कडब्याच्या पाच पेंढ्या आत्याबाईंनी मुकाट्यानं आणून उभ्या केल्या. वर त्यांचं ठेवणीतलं इरकल. भज्जीत उदगीरहून आणलेला बर्फातला वाटाणा आणि रंग यावा म्हणून पालक. आंबील म्हणून मडक्यात नुसतं ताक. पोरीनं विचारलं, "आज्जी, खाऊ का?" आत्याबाई म्हणाल्या, "खा. पण ही येळवस न्हाई हां बाळा." असं त्यांनी तिला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा मीच ओरडले, "कळलं तिला! तुम्ही जरा वाढल्यावानी हात धरा."

मी खोडांत पालथी पडून फोन डोळ्याला लावलेला, पोटाला खोडं टोचायलेली, वरनं ढग सरकत आलेला, ऊन जायच्या आत दोन-चार फोटो मिळाले तर मिळाले. आणि नेमकी तेव्हाच कमलनगरहून येणारी जीप रस्त्यावर थांबली. दहा-बारा माणसं कोंबलेली. ड्रायव्हर ओळखीचा, त्यानं मान बाहेर काढली. "काय अक्का, येळवस कामून आत्ताच?"

आता सांगायला काय झालं होतं? फोटो काढायलेय म्हटलं असतं, हसले असते आणि गेले असते. पण मला ऊन दिसत होतं आणि थोडी लाजही वाटली. मी मान न उचलता ओरडले, "व्हय व्हय, औंदा आधीच केली!" जीप गेली. आत्याबाईंनी धरलेला हात खाली घेतला आणि म्हणाल्या, "केली कामून म्हनलीस?" मी म्हटलं, "जाऊ द्या हो. हात वर घ्या."

फोटो मात्र झकास आले. खोटं कशाला बोलू, तसा फोटो मी त्याआधी काढला नव्हता आणि नंतरही नाही. हिरवी तूर, इरकलीचा काठ, आत्याबाईंचा कोपरापर्यंत हिरव्या बांगड्यांचा हात, वेताच्या जुन्या बुट्टीत उंडे. मागं मी बुट्टीची लिंक चिकटवली, मातीच्या भांड्यांची चिकटवली, रानात अंथरायच्या चटईची चिकटवली. दिवाळी झाली आणि चित्र चालायला लागलं. पळायलाच लागलं! रोज सकाळी उठले की तोंड न धुता मी आकडा बघायची. आत्याबाई विचारायच्या, "जमलं का गं?" मी म्हणायची, "जमायलंय, जमायलंय."

कसलं जमायलंय. बायांनी खाली काय लिहावं? 'भज्जीची कृती टाका ताई.' 'बुट्टी छान, आमच्या आजीकडं होती.' 'भज्जीत पालक कुठं घालतात?' एका लातूरवालीनं दगड मोजले आणि विचारलं, 'पाचवा पांडव कुठाय?' त्यावर दोघीतिघींची जुंपली. एक म्हणाली त्यांच्याकडं सहा असतात, दुसरी म्हणाली, असं कसं, आणि माझ्याच चित्राखाली त्या आठवडाभर भांडल्या. चटई? कुणी बघितली नाही. भांडी? नाही. बुट्टीची लिंक पाच-सात जणींनी दाबली असेल. तिथं निघाली प्लॅस्टिकची बुट्टी, वेतासारखी दिसणारी. त्या तशाच परत फिरल्या. मी त्यांच्या जागी असते तर मीही फिरले असते. त्याचाच जास्त राग आला.

मग मी अतिशहाणपणा केला. असतील नसतील त्या सगळ्या चित्रांमागं त्याच तीन लिंका चिकटवल्या. रांगोळीमागं चटई, गळ्यामागं भांडी. येळवशीच्या आठ दिवस आधी फोन उघडला तर खातं बंद. इंग्रजीत निरोप, की तुम्ही कचरा पसरवता. मी? मी कचरा पसरवते? मी तक्रार केली. दोन मिनिटांत उत्तर, की आम्ही नीट तपासलं, निर्णय बदलणार नाही. दोन मिनिटांत काय तपासलं मेल्यांनी? इथं तहसीलमध्ये साधा उतारा काढायला गेलं तर निदान समोर एक माणूस तरी असतो, त्याला चार शब्द सुनावता येतात. इथं भांडायलासुद्धा कुणी नव्हतं. फोन दगडावर आपटावा वाटला, पण घरात तो एकच बरा फोन.

त्याच आठवड्यात माझं चित्र मला परत दिसलं. गावाच्या ग्रुपवर. कोपीच्या वर कुणा एका भावी पुढाऱ्याचं हसरं मुंडकं चिकटवलेलं आणि खाली 'वेळा अमावस्येच्या हार्दिक शुभेच्छा'. मग त्याच्या विरोधकाचं मुंडकं चिकटवलेलं आलं. मग कापड दुकानाचं. आत्याबाईंचा हात तालुकाभर फिरायलेला आणि माझी लिंक, माझं नाव कुठल्या कुठं गळून पडलेलं. मी कुणाला काही बोलले नाही. ह्यांचा फोन आला, "काम कसं चाललंय?" मी म्हटलं, "चाललंय."

त्या दिवसांत मला समजायला पाहिजे होतं असं बरंच काही होत होतं. गिरणीवाल्यानं विचारलं, "कधी निघायलाव?" मला वाटलं, ह्यांचं विचारतोय. म्हटलं, "येळवस झाली की." शेजारच्या रानवाल्यानं मामांना विचारलं की रान बटईनं देणार का. मामा हसले, म्हणाले, "मी काय मेलोय का अजून?" माझं डोकं बंद पडलेल्या खात्यात. मी कशाकडंच लक्ष दिलं नाही.

येळवस आली. हे आदल्या दिवशी आले. आत्याबाईंच्या अंगात त्या दिवशी वारं शिरतं. त्यांच्या कोपीवर दर साली तीस-चाळीस माणसं जेवायची. तहसीलमधला कारकून, बसचे कंडक्टर, मास्तर, कमलनगरचे रान नसलेले दुकानदार, रस्त्यानं जाणारे येणारे. कुणाला आवतण नसायचं. अकरा वाजले की मोटारसायकली आपोआप आमच्या रानाकडं वळायच्या. सगळे जेवले की मग आत्याबाई घास घ्यायच्या. ह्या वेळी कोवळा हरभरा होता, खरा वाटाणा होता, मडक्यातली आंबील दोन दिवसांची आंबलेली. पाच दगड त्यांनी स्वतः धुतले, स्वतः रंगवले. मी पुढं झाले तर म्हणाल्या, "तू ऱ्हाऊ दे." बोलण्यात राग नव्हता, पण त्यांनी मला हात लावू दिला नाही.

बारा वाजले. कुणी आलं नाही. एक वाजला. शेजारपाजारच्या रानांत हसणंखिदळणं चाललेलं, रस्त्यावरून गाड्या जायलेल्या, आणि आमच्या बांधाला कुणी पाय लावेना. मामांचे गुडघे धरलेले, त्यामुळं पिकावर आंबील शिंपडायला हे गेले होते, रितीप्रमाणं 'ओलगे, ओलगे' म्हणत ज्वारीतून फिरत होते. आत्याबाई पत्रावळ्या मांडायच्या, वाऱ्यानं उडाल्या की परत मांडायच्या. "येतील," म्हणायच्या. थोड्या वेळानं तेही म्हणायच्या थांबल्या.

शेवटी शेजारच्या रानातली म्हातारी बांधावर आली. आमची कोप बघून तिला नवल वाटलं. "आगं, तुमी परत मांडलाव व्हय? तुमची तर दिवाळीआधीच झाली म्हनं. जीपवाल्यानं सांगितलं, फोटूबी आला की समद्यांच्या फोनवर. पुण्याला चाललाव म्हनं समदे, रान दिऊन. आमी म्हनलं, जाणाऱ्यांनी आपली आधीच उरकून घेतली, आता कशाला त्यांच्या दारात जायाचं."

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, ओरडणाऱ्याला उत्तर द्यायला मला येतं. त्या ओरडल्या नाहीत. भज्जीच्या पातेल्यावर ताट झाकलं आणि म्हणाल्या, "माणसं तू घालवलीस. जा, तूच घिऊन ये."

मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले. आयुष्यात कधी एवढी लाज वाटली नव्हती. दोन मोटारसायकली थांबवल्या. "या की जेवायला." "झालं अक्का, आत्ताच उठलाव." हसले, गेले. तिसऱ्यानं तर गाडी हळूसुद्धा केली नाही. माणसं आणा, माणसं आणा म्हणणारा तो मास्तर त्या वेळी समोर असता तर मी त्याला त्याच्या नव्या शर्टासकट आंबिलीत बुचकळलं असतं.

मग जीप आली. तीच. मी मधोमध उभी राहिले, त्याला थांबावंच लागलं. म्हटलं, "उतरा. जेवून जावा."

ड्रायव्हर म्हणाला, "तुमची तर झाली की अक्का."

"न्हाई झाली."

"आवं, मी डोळ्यानं बघितलं. तुमीच म्हनलाव."

"खोटं बोलले मी. ती येळवस नव्हती. फोनवर फोटो टाकायचा होता म्हणून मांडली होती. चार दगड होते आत, पांडव नव्हते. आत्याबाई नको म्हणत होत्या, मीच करायला लावलं त्यांना. आज खरी हाय. सकाळपास्नं म्हातारी पत्रावळ्या मांडून बसली, एक माणूस आलं न्हाई. उतरा!"

जीपमध्ये मागं बसलेली एक बाई म्हणाली, "आग्ग बया, फोटूसाठी?" आणि सगळी जीप हसायला लागली. हसू दे म्हटलं. ड्रायव्हरनं चावी काढली, तरी त्याचं समाधान झालं नव्हतं. "मग पुण्याला न्हाई चाललाव?"

माझ्या मागं बांधावर हे उभे होते. आंबिलीचं मडकं हातात. मला त्यांची चाहूल लागली होती. मी वळून न बघता मोठ्यानं म्हटलं, "न्हाई."

दहा माणसं उतरली. उभी जीप बघून आणखी दोन-तीन गाड्या वळल्या. चाळीस काही झाली नाहीत, पण पंगत बसली. आत्याबाई ताठ झाल्या, पदर खोचला, "घ्या, लाजू नका, उंडा घ्या," सुरू झालं. मी वाढायला वाकले तेवढ्यात ह्यांनी मला तुरीच्या बाजूला बोलावलं.

"न्हाई म्हनलीस."

"व्हय."

"मग काम झालं का उभं?"

"न्हाई. बंद पाडलं त्यांनी. आठ दिवस झाले. काहीच उभं न्हाई." एवढं बोलून मी कंबर कसून तयार झाले. मला सगळं तोंडपाठ होतं. दुसरं काम बघते, इथल्याच शाळेत घालते, तुमची पैज गेली खड्ड्यात. त्यांनी एक शब्द जरी वाकडा काढला असता तर मी सगळं एका दमात बोलले असते.

ते वाकडं बोलले नाहीत. मडकं खाली ठेवलं, हात पुसले. "समद्यांनी खाल्ल्याबिगर आईला घास उतरत न्हाई. मी तिकडं दोन वर्सं झाली एकटा जेवतो. डबा उघडतो, फोन लावून ठेवतो आन् जेवतो. तू कवातरी इचारशील असं वाटलं हुतं."

इतके महिने रोज उठून मी बघत होते, किती जणींनी बघितलं, किती जणींनी टाचून ठेवलं. हे जेवले का, हे मी शेवटचं कधी विचारलं होतं, ते मला त्या वेळी आठवेना. खूप आठवून बघितलं. रोज फोन व्हायचा, रोज माझंच सांगणं असायचं.

आमच्याकडं पाहुणे उठायच्या आधी सून जेवायला बसत नाही. मी दोन पत्रावळ्या घेतल्या, एक ह्यांच्यापुढं ठेवली, एक शेजारी माझ्यापुढं, आणि सगळ्यांदेखत बसले. पंगतीतल्या दोन बायांनी एकमेकींकडं बघितलं. आत्याबाई भज्जीचं पातेलं घेऊन आमच्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. एकदा ह्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग खाली वाकून त्यांनी आधी त्यांना वाढलं, मला वाढलं, आणि माझ्या पानात आणखी एक पळी घातली.

"उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरीला धाडत जा," त्या हळूच म्हणाल्या आणि पुढच्या पानाकडं गेल्या.

जाते म्हणून मी अजून कुणाला सांगितलंच नव्हतं.